खुनी कोण, ते मला आधीच कळतं

रहस्यपट बघताना तोंड बंद ठेवणं हा संस्कारांचा भाग आहे आणि तेवढे संस्कार माझ्यावर व्हायचे राहून गेले. पहिल्या पंधरा मिनिटांतच मी पडद्याकडे बोट दाखवून ‘हाच बघ’ म्हणून मोकळा होतो. तो निघाला तर आठवडाभर घरात माझं तेच पुराण चालतं. नाही निघाला तर दिग्दर्शकाला अक्कल नाही, असा निकाल देऊन मी झोपायला जातो.

याला जबाबदार आमच्या गावचं वाचनालय. तिथे एका कपाटात रहस्यकथांचे बाबूराव अर्नाळकर होते आणि त्याला लागून असलेल्या दुसऱ्या कपाटात भयकथांचे नारायण धारप. मी आधी पहिलं संपवलं, मग दुसरं. दोन्ही कपाटांचे वाचक वेगळे. अर्नाळकरांकडे भूत दिसलं, तर शेवटच्या प्रकरणात ते चादर पांघरलेले दिवाणजी निघणार. धारपांकडे दिवाणजी दिसले, तर शेवटच्या प्रकरणात ते भूत निघणार. अर्नाळकरांच्या धनंजयने कधी अंगारा लावला नाही आणि धारपांच्या समर्थांनी कधी बोटांचे ठसे घेतले नाहीत. अशी शिस्तीची विभागणी डोक्यात पक्की असल्यामुळे ‘द इन्व्हिजिबल गार्डियन’ हा स्पॅनिश चित्रपट समोर आला तेव्हा मी गोंधळलो. त्याचा एक पाय पहिल्या कपाटात आहे, दुसरा दुसऱ्यात.

गोष्ट उत्तर स्पेनमधल्या नवारा भागातली. पिरेनीज डोंगरांच्या पश्चिम टोकाला बास्तान नावाचं खोरं आहे, त्यातलं एलिसोंदो हे साडेतीनेक हजार वस्तीचं गाव. नदीकाठी एका शाळकरी वयाच्या मुलीचा मृतदेह सापडतो. कपडे वरपासून खालपर्यंत फाडून बाजूला सारलेले, केस नीट विंचरलेले, तळवे आभाळाकडे, आणि अंगावर ठेवलेला एक छोटा केक. तपासाला पाम्प्लोनाहून निरीक्षक अमाया सालाझार येते. अमेरिकेत एफबीआयकडे शिकून आलेली, हुशार, धीट. पण एलिसोंदो हे तिचंच गाव आणि तिथून ती जवळजवळ पळूनच गेलेली. घरचा धंदा बेकरीचा. म्हणजे ज्या केकवरून खुनी शोधायचा, तो केक कसा भाजतात हे तिच्या बहिणीला तिच्यापेक्षा जास्त माहीत. त्यात मृतदेहांवर जनावरांचे केस सापडतात आणि गावात कुजबुज सुरू होते की हे माणसाचं काम नव्हे, हा बासाहाउन. बासाहाउन म्हणजे इथल्या बास्क लोकांच्या कथांमधला रानाचा धनी. उंचापुरा, अंगभर केस, माणसासारखा चालणारा.

दोलोरेस रेदोन्दो यांची कादंबरी 2013 साली आली, फर्नांदो गोन्सालेस मोलिना यांनी 2017 साली तिचा चित्रपट केला, अमाया झाली मार्ता एतुरा. हे सगळं मी वाचून पाठ केलं होतं. पाहिला मात्र सुरुवातीचा भाग आणि शेवटची नामावली. मधल्या काळात मला गाढ झोप लागली होती. चित्रपट दोन तासांहून मोठा आहे आणि त्यात इतका संथ, एकसुरी पाऊस पडतो, की झोप न लागणं हाच खरा गुन्हा ठरावा.

आमच्या सोसायटीत पावसाळ्यात क्लबहाउसमध्ये चित्रपट दाखवायची पद्धत आहे. ज्याची पाळी, त्याने चित्रपट निवडायचा, दोन शब्द बोलायचे आणि खायला काहीतरी ठेवायचं. माझ्या पाळीला मी हा चित्रपट जाहीर केला. ‘गुन्हा, लोककथा आणि मानवी मन यांचा त्रिवेणी संगम’ असं ग्रुपवर टाकलं. गुन्हा आणि मन कोणी वाचलं नाही. लोककथा वाचून दोन आज्या नातवंडांना घेऊन यायला निघाल्या. सेक्रेटरींनी ‘गार्डियन’ एवढंच वाचलं आणि हे नव्या सिक्युरिटी एजन्सीबद्दल आहे का, अशी विचारणा केली. कारण आमचे रात्रपाळीचे वॉचमन पण इन्व्हिजिबलच असतात.

‘दोन शब्दां’ची मी जेवढी तयारी केली, तेवढी बँकेच्या बढतीच्या परीक्षेची केली असती, तर आज मॅनेजर म्हणून निवृत्त झालो असतो. बायकोने एकदाच विचारलं, “अहो, तुम्ही तो नीट पाहिलाय ना?” मी म्हटलं, “पाहण्यात काय आहे? संदर्भ महत्त्वाचे.”

आणि संदर्भ होतेच तसे! बासाहाउनची आज जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यामागे होसे मिगेल दे बारान्दियारान नावाच्या एका कॅथलिक पाद्र्याचे कष्ट आहेत. 1889 साली आतौन नावाच्या गावी जन्मलेला हा गृहस्थ 1991 पर्यंत, म्हणजे शंभरी ओलांडून जगला. डोंगरातल्या शेतघरांमध्ये जाऊन म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी तो वर्षानुवर्षं लिहून घेत राहिला. ज्या देवदेवतांना त्याच्या चर्चने सैतान म्हणून बाद केलं होतं, त्यांची खानेसुमारी या पाद्र्याने केली. यादवी युद्धामुळे त्याला कित्येक वर्षं फ्रान्सच्या हद्दीत राहावं लागलं, तर तिथेही हेच काम.

त्याने नोंदवलेल्या गोष्टींत मला सर्वांत आवडते ती सान मार्तिन चिकीची. पूर्वी गहू फक्त बासाहाउनांकडे होता, डोंगरावर. माणसांकडे दाणा नाही. मार्तिन हा चलाख गडी भले मोठे बूट घालून वर गेला आणि गव्हाच्या राशींवरून उडी मारायची पैज लावून बसला. बासाहाउनांनी आरामात उड्या मारल्या. मार्तिन मुद्दाम राशीत पडला. खाली आला तेव्हा बूट गव्हाने भरलेले. चोरी कळल्यावर बासाहाउनने मागून कुऱ्हाड फेकली, ती चुकली. मग अडचण अशी की गहू पेरायचा कधी, ते माणसांना ठाऊक नव्हतं. तेही कोणीतरी बासाहाउन गुणगुणत असताना चोरून ऐकलं. करवतीचं गुपितही असंच. ‘आमच्या मार्तिनने करवत केली’ अशी थाप मारायची. बासाहाउन बोलून जातो की त्याने चेस्टनटचं पान पाहिलं असणार! आता पानाची कड बघून करवत करायला कितीसा वेळ? थोडक्यात, शेती काय आणि सुतारकाम काय, सगळं रानातल्या त्या केसाळ मास्तरकडून लांबवलेलं. हा बिचारा कथेत कोणाला खात नाही, मारत नाही. उलट तो आसपास आला की कळपातल्या मेंढ्या एकाच वेळी अंग झटकतात, सगळ्या घंटा एकदम वाजतात, आणि आज लांडगा येणार नाही हे समजून मेंढपाळ निवांत झोपतो. वादळ यायचं असलं, तर हाच डोंगरातून आरोळी देऊन सावध करतो.

हे सगळं मी क्लबहाउसमध्ये उभा राहून सांगितलं. ‘चिकी’ हा शब्द ऐकून पुढच्या रांगेतलं एक नातवंड चिक्कीसाठी रडायला लागलं, तेवढाच व्यत्यय.

दुसरा मुद्दा चेटकिणींचा. एलिसोंदोपासून जवळच, फ्रान्सच्या सीमेला लागून सुगारामुर्दी नावाचं खेडं आहे. 1610 साली तिथल्या आणि आसपासच्या लोकांवर चेटूक केल्याचा खटला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, लोग्रोन्यो शहरात निकाली काढला. अकरा जणांना जाळण्याची शिक्षा झाली. त्यांतले पाच आधीच कोठडीत मेले होते, म्हणून त्यांचे पुतळे जाळले. त्या न्यायपीठावर तीन जण होते, आणि त्यांतला सर्वांत धाकटा, आलोन्सो दे सालाझार फ्रीआस, याला ते काही पटलं नाही. पुढे तो स्वतः खेड्यापाड्यांतून फिरला, अठराशेच्या आसपास लोकांचे जबाब घेतले. त्यांत लहान मुलांचाच भरणा जास्त! चेटकाची म्हणून जप्त झालेली मलमं तपासायला लावली, जनावरांवर लावून पाहिली, काही झालं नाही. ज्या बाया आपण सभेला उडत गेलो म्हणत होत्या, त्या जागेवरच होत्या असे साक्षीदार निघाले. त्याने वरिष्ठांना कळवलं ते असं की, या विषयावर बोलणं-लिहिणं सुरू होईपर्यंत या भागात चेटकीण नव्हती आणि चेटूक झालेलाही नव्हता. 1614 साली स्पॅनिश इन्क्विझिशनने त्याचं म्हणणं मानून नियम कडक केले. शेरलॉक होम्सच्या पावणेतीनशे वर्षं आधीची ही तपासणी. आणि चित्रपटातली निरीक्षकही सालाझारच.

इथे मी जरा थांबून टाळीची वाट पाहिली. ती आली नाही. देशपांडेकाका उठून उभे राहिले. त्यांचे वडील 1955 साली पुण्याहून गेलेल्या गोवा सत्याग्रहाच्या तुकडीत होते. “सालाझार?” काका म्हणाले, “त्या माणसाचं कौतुक या सभागृहात?” मी म्हटलं, “काका, तो पोर्तुगालचा हुकूमशहा. हा स्पेनचा धर्माधिकारी. आणि ही तर बाई आहे.” काका म्हणाले, “आडनाव एकच आहे ना?” मग 1955 चा गोळीबार, 1961 ची मुक्ती आणि मधल्या काळातलं नेहरूंचं धोरण, असा मोठा वळसा झाला. 1961 चं नाव निघालं आणि मी तिसऱ्या मुद्द्यात एलिसोंदोला 1913 साली आलेल्या महापुराचा उल्लेख केला, हे दोन्ही योग एकत्र येऊ द्यायला नको होते. पुण्यात 1961 आणि पूर हे शब्द एकापाठोपाठ उच्चारले की पानशेतचं धरण फुटतं. ते फुटलं. बारा जुलैला कोण कुठल्या गच्चीवर होतं, कोणाचं कपाट वाहत कुठे सापडलं, हे सगळं ओसरेपर्यंत बास्तान नदी आपल्या पात्रात शहाण्यासारखी थांबून राहिली.

आता केक.

प्रेतावर ठेवलेला तो केक म्हणजे त्या भागातलं खरोखरचं जुनं पक्वान्न आहे, चांचिगोर्री. डुकराची चरबी कढवून लार्ड काढलं की तळाशी जो खरपूस चुरा उरतो, तो पावाच्या कणकेत साखर घालून मळतात आणि चपटा भाजतात. फेकून द्यायचं नाही, या गरिबीच्या शहाणपणातून आलेला पदार्थ. हे वाचताक्षणी मला लोणी कढवल्यावर भांड्याच्या बुडाला उरणारी बेरी आठवली. आई ती साखर घालून वाटीत द्यायची आणि आम्ही भावंडं त्यावरून एकमेकांना ओरबाडायचो. म्हटलं, ठरलं! सोसायटीत डुकराचं नाव काढणं शक्य नाही, पण बेरीचा चांचिगोर्री का नाही?

बायको दर आठवड्याला तूप कढवते. मी फ्रीजमध्ये एका डब्यात बेरी साठवायला लागलो. डब्यावर ‘पुरावा – हात लावू नये’ अशी चिठ्ठी. तिने एकदा तो डबा घासायला टाकला आणि मी ज्या आवाजात ओरडलो, त्या आवाजाने शेजारचे धावत आले. शेवटी पुरेशी बेरी जमली. कणीक, यीस्ट, साखर, दालचिनी, बेरी. कणीक फुगली नाही. मूळ पदार्थ चपटाच असतो, या आधारावर मी तसंच दामटलं. ओव्हनमधून बाहेर आलं ते वरून तपकिरी, आतून चिवट आणि वासाला अप्रतिम. चव खरंच बरी होती, हे मी निःपक्षपातीपणे सांगतो. दात शाबूत असलेल्या सर्वांचं तेच मत पडलं. लहान लहान गोल तुकडे करून, कागदी बशीत मांडून, चित्रपट सुरू होण्याआधीच ते वाटले. आधी वाटले, इथे सगळं बिनसलं. ‘हा एक खास बास्क पदार्थ आहे, याचं महत्त्व तुम्हाला लवकरच कळेल’ असंही मी म्हणालो होतो.

दाराला एगुस्किलोरे लावायचं मात्र राहिलं नाही. हे रानटी काटेफूल वाळवून बास्क घरांच्या दारावर ठोकतात. रात्री फिरणारी भुतं ते बघून त्याचे केस मोजत बसतात, मोजून संपायच्या आत उजाडतं. आपल्याकडे ते मिळेना, म्हणून फुलवाल्याकडून जर्बेरा आणून चिकटवलं. जर्बेराच्या पाकळ्या मोजायला भुताला फार वेळ लागणार नाही, पण आमच्या सोसायटीत साडेदहाला सगळं बंदच होतं.

नातवंडांना बाहेर पिटाळलं, दिवे मालवले. पडद्यावर पाऊस. बाहेरही पाऊस. आवाज एकमेकांत इतका मिसळला, की कोणीतरी खिडकी लावायला उठलं आणि लावल्यावरही आवाज येतच राहिला. नदीकाठ, पोलिसांचे दिवे, धुकं. आणि मग मृतदेहावर ठेवलेला तो केक. वरून तपकिरी. चपटा. गोल.

सभागृहात चावण्याचे आवाज बंद झाले. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग मागून साठेवहिनींनी अगदी शांतपणे विचारलं, “हे तेच का?”

मी म्हटलं, “तेच. पण शाकाहारी.”

त्यानंतरची दहा मिनिटं कागदी बश्या पायाखाली सरकवल्याचा आवाज ऐकण्यात गेली. पडद्यावर अमायाही केकच बघत होती. कोणत्या बेकरीचं पीठ, कोणत्या भट्टीत भाजलं, याचा छडा लावत ती दुकानोदुकानी पिठाचे नमुने गोळा करते. तपासाचा हा भाग फार सुरेख आहे आणि मी आवर्जून जागा राहून तो पाहिला. गुन्हेगाराच्या मनाचा थांग लावायची अमेरिकन पद्धत तिला येते, पण तिला शेवटी उपयोगी पडतं ते लहानपणी नाकात बसलेलं बेकरीचं ज्ञान. आणि तीच बेकरी तिच्या जिवावर उठलेली जागाही आहे. तिच्या आईचा जो प्रसंग आहे, तो बघताना साठेवहिनींनी बशीत राहिलेला तुकडाही उचलून पिशवीत टाकला.

या कुटुंबाबद्दल आमच्या प्रेक्षकांचं मत माझ्यापेक्षा स्पष्ट होतं. थोरली बहीण फ्लोरा गावात राहून बेकरी सांभाळते, धाकटी शहरात जाऊन साहेब होते आणि मग गावात येऊन थोरलीचीच चौकशी करते. महिला मंडळ एकजात फ्लोराच्या बाजूने. “हिने राबायचं आणि तिने बंदूक लावून मिरवायचं,” असा सूर निघाला. मला अमायाच्या नवऱ्याबद्दल वाटत होतं तेच त्यांनाही वाटलं. तो अमेरिकन शिल्पकार आहे, देखणा आहे, आणि बायको घरी आली की तिला जवळ घेण्यापलीकडे त्याला कथेत काम नाही. आमच्या घरचीही परिस्थिती तीच असल्याने मी त्यावर बोललो नाही. घरगुती दुःख थोडं कमी आणि रान थोडं जास्त असतं, तर चित्रपट आणखी चढला असता. पण ते रान! ओल्या बीचच्या झाडांमधून कॅमेरा चालतो तेव्हा बासाहाउन पाहिलाच पाहिजे असं काही उरत नाही. तो तिथे आहे हे पटतं.

मी मात्र वाट बघत होतो ती बासाहाउन खुनी निघण्याची किंवा बासाहाउनचं कातडं पांघरलेले दिवाणजी निघण्याची. धारप किंवा अर्नाळकर. तिसरा पर्याय माझ्या वाचनालयात नव्हता. ‘आता बघा, तो केसाळ येणार,’ असं मी दर पाच मिनिटांनी पुढच्या रांगेला सांगत होतो. शेवटी परबकाकूंना राहवेना. काकू वेंगुर्ल्याच्या. सोसायटीत कोणाशी फार बोलत नाहीत.

“तो कित्याक मारतलो?” काकू म्हणाल्या. “तो राखणदार. राखणदार पोरांका मारीत नाय. मारतत ती माणसां.”

मी समजावलं, की काकू, हा बास्क दंतकथेतला वनपुरुष आहे, युरोपातला, याचा अभ्यास बारान्दियारान यांनी केलेला आहे.

“असूंदे,” काकू म्हणाल्या. “आमच्या आरवलीचो वेतोबा रात्रीचो गावाभोवती फिरता. लोक तेका ह्या येवढी चामड्याची व्हाणां वाहतत, ती झिजतत. तुमचो तो बूट घालणारो होतो मा? व्हाणांचो नंबर तेवडो वेगळो.”

बूट घालणारा मार्तिन होता, बासाहाउन नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मेंढ्यांच्या घंटा, लांडगा, वादळाची आरोळी हे सगळं मीच अर्धा तास उभं राहून सांगितलं होतं. चित्रपटाच्या नावातच तो रक्षक आहे. सगळे पुरावे गोळा करून मी पोहोचलो होतो चुकीच्या दारात, आणि काकू खुर्चीतून न उठता बरोबर जागी बसल्या होत्या. बास्क माणसाला रानात रक्षक दिसतो, वेंगुर्ल्याच्या माणसाला वेशीवर दिसतो. दोघांनाही त्याची भीती वाटते ती आदराची. खुनाची भीती वेगळी, ती माणसांची. ‘मग खुनी कोण?’ असं मी विचारल्यावर काकू म्हणाल्या, “गप बघ.”

गप बसलो असतो. पण चित्रपट ऐन रंगात आला, अमायाच्या हाती नेमकं काहीतरी लागलं, आणि वीज गेली.

अंधार. पाऊस. मोबाइलचे दिवे एकेक करून माझ्याकडे वळले. “तुम्ही पाहिलाय ना? सांगा शेवट,” सेक्रेटरी म्हणाले. मी पाहिलेला नव्हता. पण तीस जण तोंडाकडे बघत असताना मराठी माणसाला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. विशेषतः प्रास्ताविक केलेलं असताना. मी घसा खाकरला आणि धनंजय ज्या थाटात दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून बोलायचा, तो थाट घेतला.

“खुनी,” मी म्हटलं, “आत्या.”

अमायाची आत्या एनग्रासी. अमाया गावात उतरते ती तिच्याच घरी. प्रेमळ, समजूतदार, टॅरोची पानं मांडून भविष्य बघणारी. माझा युक्तिवाद बिनतोड होता. इतकी चांगली बाई रहस्यकथेत असते, ती उगीच नसते. तिला पुढचं सगळं आधी कळतं, कारण ते तीच घडवते. बेकरीवाल्या घरातली, म्हणजे केक येतो. पोलिसांचं बोलणं तिच्याच स्वयंपाकघरात चालतं, म्हणजे तपासाची बित्तंबातमी तिला घरबसल्या मिळते. आणि शेवटचं, आपल्या मालिका बघा. घरात राहणारी आत्या आजवर कधी निर्दोष सुटली आहे?

शेवटच्या वाक्याने घात झाला. आमच्या सभागृहात बसलेली प्रत्येक स्त्री कोणाची ना कोणाची आत्या होती. साठेवहिनी म्हणाल्या, त्यांनी भाच्याची फी भरली आहे आणि त्यांना हे ऐकून घ्यायची गरज नाही. दोन दिवसांसाठी आलेल्या देशपांडेकाकांच्या बहिणीने भावाकडे असं बघितलं, की काका मला म्हणाले, “तुम्ही सालाझारचंच कौतुक करत होतात ते बरं होतं.” माझी बायको माझ्या भाच्याची मामी लागते, आत्या नव्हे, पण तिलाही भाचा आहे, तिच्या भावाचा, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

मी आत्यांच्या गुन्हेगारी मानसशास्त्रावर चांगली वीसेक मिनिटं बोललो. तेवढ्यात तळमजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हात वर केला. “काका, लॅपटॉप चालू आहे.”

वायफायचा भरवसा नको म्हणून चित्रपट मी आधीच उतरवून घेतला होता. वीज गेल्यावर प्रोजेक्टर आणि स्पीकर गेले. लॅपटॉप बॅटरीवर होता. तो आपलं काम निष्ठेने करत राहिला होता. टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून, आवाजाविना, त्याने अमायाचा तपास पूर्ण केला, खुनी उघड केला आणि वीज आली त्या क्षणी पडद्यावर नामावली सरकत होती. माझा आणि या चित्रपटाच्या शेवटाचा योग दुसऱ्यांदा हुकला.

मागे नेऊन सगळ्यांनी तो भाग पाहिला. मीही पाहिला, तोंडावर हात ठेवून. हात माझा होता, पण धरला होता बायकोने. खुनी कोण ते इथे सांगत नाही. एनग्रासी आत्या निर्दोष आहे, एवढं मात्र जाहीर करणं मला भाग आहे, कारण ते लेखी द्यावं अशी महिला मंडळाची मागणी होती आणि हा लेख त्यापोटी दाखवता येईल. आणि रानातला तो? त्याचं काय करायचं ते चित्रपट तुमच्यावर सोडतो. पोलिसांच्या कागदात त्याची नोंद होत नाही आणि अमायाच्या डोळ्यांसमोरून तो जातही नाही. मला वाटतं, रेदोन्दोबाईंची खरी करामत हीच. खून माणसाचा, तपास माणसाचा, शिक्षाही माणसाचीच; फक्त त्या सगळ्याकडे झाडांआडून कोणीतरी बघत असतं. धारपांना हे आवडलं असतं. अर्नाळकरांनी त्याला शेवटी कातडं उतरवायला लावलं असतं.

पुढचे दोन भागही आहेत. ‘लेगादो एन लोस उएसोस’ 2019 चा आणि ‘ओफ्रेन्दा आ ला तोर्मेन्ता’ 2020 चा. दिग्दर्शक तोच, अमाया तीच. पहिला भाग बघितल्याशिवाय ते बघू नका, नाती कळत नाहीत. आमच्या सोसायटीच्या सभेत तेही दाखवावेत, असा ठराव आला आणि तो एकमताने मंजूर झाला. अटी दोन: प्रास्ताविक परबकाकू करतील, आणि खायला बाहेरून वडापाव मागवावा.